करावे ते डेल्फ्ट, उघाडीच्या मागावर

आमचं घर नेरूळच्या करावे गावातलं. घराच्या मागे आता सेक्टरच्या उंच इमारती आहेत, पण आजा त्या बाजूला बोट दाखवून अजूनही "खारात" असंच म्हणतो. 1970 साली सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात आमची खारजमीनही गेली. त्या जमिनीत राता भात व्हायचा, लाल तांदळाचा. खारं पाणी सोसणारं भात. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक उघाडी. वरच्या बाजूने टांगलेली लाकडी फळी, एवढीच ती उघाडी. आजा आमच्या बोलीत "उघारी" म्हणतो. लहानपणी मी त्याला शंभरदा विचारलं असेल की ती चालायची कशी, आणि त्याचं उत्तर ठरलेलं: "पानी येतं तवा दार लागतं, जातं तवा उघरतं. आपुन फकस्त नजर ठेवाची."

मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नवी मुंबईतले धारण तलाव डच पद्धतीने बांधलेत, हे आम्हाला कॉलेजात दोन ओळींत शिकवलं गेलं. वाशी, नेरूळ, बेलापूरचे कितीतरी भाग मोठ्या भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात, नाल्यांतून आलेलं पावसाचं पाणी तलावात थांबतं, आणि ओहोटी लागली की झडपा उघडून पाणी खाडीत जातं. त्या दोन ओळी ऐकल्या त्याच क्षणी मला आजाची उघाडी आठवली होती. म्हणून नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला पूर आणि पाणी या विषयावर दोन आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम आहे असं कळलं, तेव्हा अर्जात मी हीच गोष्ट लिहिली. निवड झाली, अर्धी फी माफ झाली. उरलेल्या पैशांसाठी पप्पांनी पतपेढीचं कर्ज काढलं.

दिवस पहिला, शनिवार

आदल्या रात्री नेरूळहून निघालो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि पाम बीच रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. विमान मधे एकदा बदललं. स्खिपोलला उतरले, सामानाच्या पट्ट्यापाशी तासभर उभी राहिले, माझी मोठी बॅग काही आली नाही. खिडकीवरच्या बाईंनी कागद भरून घेतला आणि दोन-तीन दिवसांत पत्त्यावर पोचेल म्हणाल्या. कपड्यांचं काही वाटलं नाही. त्या बॅगेत आईने दिलेलं तांदळाचं पीठ होतं, त्याने जीव थोडा झाला.

स्खिपोलचा विमानतळ समुद्रसपाटीच्या खाली आहे हे वाचलेलं होतं, पण तिथल्या जमिनीवर पाय ठेवताना ते आठवलं आणि अंगावर काटा आला. 1852 पर्यंत तिथे हार्लेमरमेर नावाचं प्रचंड तळं होतं. वाफेच्या पंपांनी तीन वर्षं उपसून ते कोरडं केलं. आज तिथे विमानं उतरतात.

डेल्फ्टला पाऊण तासात पोचले. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघी. एक बांगलादेशातल्या खुलन्याची, एक इंडोनेशियातल्या सेमारांगची, आणि मी. तिघींच्याही घराजवळ खारं पाणी. पहिल्याच संध्याकाळी आमचं जमलं. रात्री दहाला सूर्य मावळला आणि साडेदहालाही खिडकीबाहेर उजेड होता. झोप येईना.

दिवस दुसरा

सायकल भाड्याने घेतली. तिला हातात ब्रेक नाही. पेडल उलटं दाबलं की चाक थांबतं. हे पायात बसायला अख्खी दुपार गेली. गावातल्या जुन्या चर्चचा मनोरा जवळजवळ दोन मीटर कललेला आहे, कारण बुजवलेल्या कालव्यावर त्याचा पाया घातला गेला. मातीला आपलं पूर्वीचं पाणी विसरता येत नाही. आमच्या गल्लीतही खारावर भराव टाकून बांधलेल्या घरांच्या भिंतींना दर पावसाळ्यात तडे जातात.

दिवस तिसरा

पहिला तास. बाईंनी नकाशा लावला आणि विचारलं, "तुमच्यापैकी कोणाचं घर समुद्राच्या पाण्याच्या पातळीखाली आहे?" मी हात वर केला. मग मला फळ्यापाशी बोलावून आमच्या धारण तलावाचा छेद काढायला सांगितला. नाला, तलाव, झडप, खाडी. मी काढला. बाईंनी तो नीट पाहिला, मान डोलावली, आणि एकच प्रश्न विचारला: "याची देखभाल कोण करतं?"

मी जे खरं आहे ते सांगितलं. तलावांत गाळ साचलाय, गाळात तिवरं उगवलीत. तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी, कारण कांदळवन नसेल तर खाडीकाठ उरणार नाही. पण त्यामुळे तलावाचा गाळ काढायचा कसा यावर कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहतात. आमच्या काकांचं किराणा दुकान एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. मागच्या मोठ्या पावसात तिथे गुडघाभर पाणी शिरलं, तांदळाची पोती फुगून उकलली, आणि तक्रारीला उत्तर आलं ते तिसऱ्या महिन्यात. सांगताना माझा आवाज थोडा चढला. वर्गात कोणी हसलं नाही. खुलन्याच्या मैत्रिणीने टेबलाखालून माझा हात धरला होता.

दिवस चौथा

बॅग आली! संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात पिठाची उकड काढली आणि विजेच्या शेगडीवर भाकऱ्या थापल्या. पहिली चिरली, दुसरी फुगली. सेमारांगच्या मैत्रिणीने कपाटातून एक गडद तपकिरी वडी काढली, तेरासी, म्हणजे कोळंबी कुटून आंबवलेली. ती तव्यावर भाजताच जो वास सुटला तो थेट आमच्या गल्लीत वाळत घातलेल्या जवळ्याचा! मी डोळे मिटून उभी राहिले. ती घाबरली, तिला वाटलं मला वास सहन होत नाहीये. मी तिला मोबाईलवरचे आमच्या जवळ्याचे फोटो दाखवले. मग आम्ही तिघींनी मिरची, लसूण आणि ती वडी वाटून भाकरीसोबत खाल्ली. खोलीत दोन दिवस वास राहिला.

दिवस पाचवा

किंडरडाइक. रॉटरडॅमहून बोटीने गेलो. कालव्यांच्या काठाने रांगेत पवनचक्क्या, एकूण 19, बहुतेक 1740 च्या आसपासच्या. 1997 पासून तो जागतिक वारसा आहे. पर्यटक पात्यांचे फोटो काढतात, पण खरं काम खाली चालतं. पात्यांना जोडलेलं एक लाकडी चाक खालच्या कालव्यातलं पाणी ओंजळीसारखं उचलून वरच्या कालव्यात टाकतं. मग नदीची पातळी उतरली की वरच्या कालव्याचं दार उघडायचं. म्हणजे तिथेही शेवटी सगळं वाट पाहण्यावर येतं. नदी उतरेपर्यंत पाणी सांभाळून ठेवायचं. आजाच्या उघाडीसारखंच, फक्त मधे एक पायरी जास्त.

एका चक्कीत राहणाऱ्या कुटुंबाचं घर बघायला मिळालं. गोल भिंतीला चिकटून बिछाने, आणि दाराबाहेर फिरणारी पाती जवळजवळ जमिनीला टेकतील अशी. लहान मुलांना अंगणात दोरीने बांधून ठेवत, असं वाटाड्याने सांगितलं. पाती थांबवायच्या तऱ्हेवरून गावाला निरोप जात असे. घरात मूल झालं की एका कोनात, कोणी गेलं की दुसऱ्या. आज पाण्याचा उपसा मोठे मळसूत्री पंप करतात, पण चक्क्या अजून चालू स्थितीत ठेवल्या आहेत.

दिवस सातवा

मधला दिवस वर्गात गेला, आकडेमोडीत. आज हुक व्हान हॉलंडजवळची मासलांटकेरिंग, म्हणजे समुद्राचं उधाण अडवणारी दारं. रॉटरडॅमच्या बंदराकडे जाणारा जलमार्ग 360 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या दोन्ही काठांवर दोन दारं आडवी पडलेली आहेत. प्रत्येक दार 210 मीटर लांब, 22 मीटर उंच. ज्या सांध्यावर दार फिरतं तो पोलादी गोळा 10 मीटर व्यासाचा आहे. 1997 साली हे पूर्ण झालं. समुद्राचं पाणी ठरलेल्या पातळीच्या वर जाणार असं संगणकाला दिसलं की तो स्वतःच दारं पाण्यात तरंगवत आणतो, मग त्यांत पाणी भरून ती तळाला बसवतो. डिसेंबर 2023 च्या वादळात ती अशी आपोआप बंद झाली.

एवढं अजस्र लोखंड बघून वर्गातले बाकीचे भारावून गेले होते. मीही गेले. पण मला सगळ्यात आवडली ती तिथली एक साधी सवय. दरवर्षी वादळांचा हंगाम सुरू होण्याआधी ती दारं एकदा पूर्ण बंद करून तपासतात. लोक डबे घेऊन बघायला येतात, मुलांना खांद्यावर बसवून. दार लागतं की नाही हे बघणं, हाच त्या दिवशीचा कार्यक्रम.

दिवस नववा

रविवार, आणि आषाढी एकादशी. घरी मी कधी उपास चुकवलेला नाही. उकडलेले बटाटे, भाजलेले शेंगदाणे, दही यांवर दिवस काढला. बाकीच्या मुली अॅमस्टरडॅमला गेल्या, मीही संध्याकाळी जाऊन आले. अॅमस्टरडॅमबद्दल खूप जणांनी लिहिलंय, मी वेगळं काय सांगणार.

दिवस अकरावा

हा दिवस मला पूर्ण लिहून ठेवायचा आहे.

डेल्फ्टमध्ये औडे डेल्फ्ट नावाच्या कालव्याकाठी एक दगडी वाडा आहे, दर्शनी भिंतीवर रंगीत ढाली कोरलेल्या. ते डेल्फलांडच्या जलमंडळाचं घर. डच शब्द वॉटरस्खप. हे मंडळ 1289 पासून आहे. आपल्याकडे देवगिरीला रामदेवराय राज्य करत होता आणि ज्ञानेश्वरी लिहून व्हायची होती, तेव्हापासून! देशात अशी 21 मंडळं आहेत. त्यांची निवडणूक वेगळी, त्यांचा कर वेगळा, घरोघरी त्यांचं वेगळं बिल येतं. आमच्यासमोर बोलायला आलेले गृहस्थ मंडळात निवडून आलेले होते, व्यवसायाने दुधाचे शेतकरी. हाताची बोटं जाड, नखांत माती.

त्यांनी मध्ययुगातला एक नियम सांगितला. बांधाला लागून ज्याचं शेत, बांधाचा तेवढा तुकडा त्याने राखायचा. ज्याला ते झेपेनासं होईल, त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं. जो कोणी ते फावडं उपसेल त्याला जमीन मिळायची, आणि जमिनीबरोबर तो बांधही. "जमीन आणि बांध कधी वेगळे होत नव्हते," ते म्हणाले.

मी हात वर केला आणि जोळ सांगितली. आमच्याकडे खाराला बांध घालणाऱ्या शेतकऱ्यांची मिळून जोळ असायची. बांधाची डागडुजी जोळीने करायची. खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की हाक पडायची आणि रात्र असो की पाऊस, सगळ्यांनी चिखलाची ढेकळं घेऊन धावायचं. पुढे 1948 साली सरकारने खार जमिनींचा कायदा केला, मग 1979 साली दुसरा, आणि बांध हळूहळू सरकारी झाले. आमच्या गावाच्या बाबतीत तर जमीनच गेली. जोळ मोडली.

त्या गृहस्थांनी "जोळ" हा शब्द दोनदा उच्चारून बघितला. ळ त्यांना जमेना. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात ते काम केलेला माणूस अजून आहे का?"

तिथे संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. मी कालव्याच्या कठड्यावर बसून घरी व्हिडिओ कॉल लावला. आजा जेवून ओटीवर बसला होता. त्याला फावड्याचा नियम सांगितला. त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मला वाटलं नेट गेलं.

"आमच्यात घरटी एक मानूस," तो म्हणाला. "नाय आला त दंड. आन् ज्याच्या घरान कोनी नाय, म्हातारी रांडमुंड बाई, तिच्या वाटचं काम जोलीनं कराचं."

मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी मी आजवर ऐकली नव्हती. तो चौदा-पंधरा वर्षांचा असताना उधाणाच्या रात्री खांड गेली. माती टाकली की वाहून जाई. तेव्हा सहा-सात माणसं हातात हात गुंफून त्या खांडीत उभी राहिली, पाठीला पाण्याचा मार, आणि त्यांच्या मागे बाकीच्यांनी तिवराच्या फांद्या आणि चिखल भरला. त्याचा बापूस त्या रांगेत होता. सकाळी त्याच्या पाठीवर शिंपल्यांचे ओरखडे होते, आणि आजाने त्यांना खोबरेल लावलं होतं.

मी हे सगळं त्याच रात्री वहीत उतरवून काढलं. झोपायला दोन वाजले.

दिवस बारावा

झीलंड. औवरकेर्क या गावी एक संग्रहालय आहे, चार प्रचंड काँक्रीटच्या पेट्यांच्या पोटात. 31 जानेवारी ते 1 फेब्रुवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राला वादळाचं उधाण आलं आणि नैऋत्येकडचे बांध फुटले. नेदरलँड्समध्ये 1836 माणसं गेली. शेवटची खांड बुजवायला त्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला, आणि ती बुजवली ती याच पेट्या बुडवून. आत मेलेल्यांची आठवण 1835 अधिक 1 अशी ठेवली आहे. तो एक म्हणजे त्याच रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री गेलेलं बाळ. त्याची नोंद कुठेच झाली नव्हती. मी तिथून लवकर बाहेर आले.

बाईंनी बसमध्ये आरी एव्हेखरून या नावाड्याची गोष्ट सांगितली. त्याच पहाटे हॉलांत्स एसल नदीचा बांध फुटायला लागला, आणि त्यामागे लाखो लोकांची वस्ती होती. त्याने आपली बोट थेट त्या खांडीत नेऊन आडवी अडकवली. बोटीच्या अंगाने खांड बुजली, बांध तगला. आदल्याच रात्री आजाने सांगितलेली ती माणसांची रांग माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी बाईंना ती गोष्ट सांगितली, आणि त्यांनी बसचा माईक माझ्या हातात दिला.

दुपारी ओस्टरस्खेल्डेचा बांध पाहिला. तिथे आधी खाडीचं तोंड कायमचं बंद करायचं ठरलं होतं. पण शिंपल्यांवर जगणारे मासेमार आणि निसर्गप्रेमी उभे राहिले. खाडी गोडी झाली तर शिंपले मरतील, पक्षी जातील. लढा चालला, आणि 1970 च्या दशकात सरकारने बेत बदलला. 65 खांब आणि 62 दारं, एरवी उघडी, फक्त वादळात बंद. खर्च फार वाढला. 1986 साली ते पूर्ण झालं, आणि आजही त्या खाडीत भरती-ओहोटी चालते. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला, आमच्याकडे रोहित पक्षी येतात, दिवाळे आणि सारसोळे गावांचे कोळी अजून जाळी टाकतात. मासेमाराच्या पोटासाठी धरणाचा आराखडा बदलता येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघून आले.

दिवस चौदावा

सादरीकरण. मी धारण तलावाच्या देखभालीवर बोलले: झडपांची पावसाळ्याआधी लोकांसमोर चाचणी, तिवरं न तोडता तलावात मोकळा पाट राखणं, आणि आसपासच्या सोसायट्या व गावठाणं मिळून एक जोळ. पहिल्या चित्रात उघाडीचा नकाशा होता, आजाने फोनवर सांगितलेल्या मापांनी काढलेला. सागाची फळी, अडीच हात रुंद, वर लोखंडी कडी.

परतल्यावर

आल्या आल्या आजाने आधी पायांकडे बघितलं, बारीक झालीस म्हणाला. सेमारांगच्या मैत्रिणीने दिलेली तेरासीची वडी आजीला दिली. तिने वास घेतला आणि म्हणाली, "ह्यो त आपलाच."

आठवड्याभराने, अष्टमीला, आम्ही दोघं संध्याकाळी चालत धारण तलावापाशी गेलो. अष्टमी म्हणजे भांगाचं पाणी, भरती लहान, सहाच्या आसपास. खाडीकडच्या तोंडाशी दोन झडपा दिसतात. एक व्यवस्थित लागलेली होती. दुसरीत सिमेंटची एक रिकामी गोणी आणि फांदी अडकली होती, आणि वीतभर फटीतून खाडीचं मचूळ पाणी आत येत होतं. आजा कठड्याला टेकून उभा राहिला. आतल्या भिंतीवर शेवाळाचा पट्टा आहे, त्यावर त्याने नजर लावली. अर्ध्या तासाने म्हणाला, "पानी दोन बोटं चरलं."

मी फोटो काढले, वेळ लिहिली, पट्ट्यापासूनचं अंतर लिहिलं. घरी येऊन अर्ज लिहिला. रविवारी काकांच्या सोसायटीत आणि आमच्या गल्लीत फिरून 43 सह्या घेतल्या, सोमवारी अर्ज देऊन पोच घेतली. गोणी अजून तिथेच आहे.

गुरुवारी दिव्यांची अमावास्या. त्या दिवशी उधाण, आणि भरती दुपारी बाराच्या पुढे. काका दुकान दोन तास बंद ठेवून येणार आहेत, सोसायटीतले चौघे जण येतो म्हणालेत. आजा म्हणतो, जेवायला घरी परतू नको, डबा घे. पाणी वळेपर्यंत तिथंच बसायचं.